बिनबाह्यांचा पोशाख

पोहण्याचे चार पोशाख एका पिशवीतून आले आणि आमच्या आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पिशवी बेकरीवालीनं आणली होती. बाई इतकी खुशीत होती की दारातच एक पोशाख अंगाला लावून तिनं गिरकी घेतली. निळा रंग, कडेला पिवळा पट्टा, आणि खांद्याच्या पुढे काही म्हणजे काही नाही. गल्ल्यागल्ल्यांतल्या बायकांची पोहण्याची शर्यत महिन्याभरावर आली होती. एका संघात चौघी, प्रत्येकीनं तलावाची एक लांबी कापायची, एकीचा हात भिंतीला लागला की दुसरीनं उडी घ्यायची. आमच्या गल्लीचा संघ पहिल्यांदाच उतरत होता आणि शेवटची उडी आत्याची होती. चौघींचा पोशाख अगदी एकसारखा हवा, हा तलावाचा नियम. बेकरीवाली गेल्यावर आत्यानं तो पोशाख चिमटीत धरून उलटसुलट केला आणि मला विचारलं, "याला बाह्या लावता येतील का गं?"

मी शिवणकाम करते. मला विचाराल तर बाह्या उशीच्या अभ्र्यालाही लावता येतात. पण चौघींतल्या एकीलाच बाह्या म्हणजे संघ बाद, हे मी तिला सांगितलं. तर नियम जणू मीच केला होता अशी ती माझ्यावर डाफरली आणि जेवायलाही आली नाही.

यावरून आत्या लाजाळू असेल असं कुणाला वाटेल. आमची आत्या आणि लाज यांची कधी गाठच पडलेली नाही. ती फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करते. तिथे तिला सगळे उस्ताद म्हणतात, मालकसुद्धा. सुतारांनी कपाट जोडलं की ते तिच्यापुढे येतं. ती डोळे मिटून फळीवर बोटांची मागची बाजू फिरवते आणि "इथे" एवढंच म्हणते. तिथे खरखर असतेच, मग सुतार शपथा घेऊन नाही म्हणू दे. ही खोड तिची कारखान्याबाहेरही सुटत नाही. हॉटेलात गेलो की आधी टेबलावर हात. कुणाकडे बघण्याच्या कार्यक्रमाला गेलो की सोफ्याच्या दांड्यावर हात, आणि मग भर बैठकीत, "पॉलिश घाईत मारलंय." माझं एक स्थळ त्यातच गेलं असा मला दाट संशय आहे. फार चांगलं झालं, ते सोडा.

तर अशा बाईच्या दोन्ही दंडांवर, मागच्या अंगाला, खांद्यापासून पार कोपरापर्यंत बारीक बारीक पुळ्या आहेत. मोहरीहून लहान. दुखत नाहीत, पिकत नाहीत, हात फिरवला की नुसत्या खरखरतात. थंडीनं अंगावर काटा येतो तसाच हा काटा, फक्त कधी खाली न बसणारा. हवा कोरडी झाली की वाढतात, एरवी जरा कमी असतात, पण मुक्काम पक्का. आजोबांना होत्या, आत्याला आहेत, आणि माझ्या बाबांना वगळून त्या नेमक्या माझ्या वाट्याला आल्या. शाळेत आत्याला 'किसणी' म्हणायचे. हे नाव ठेवणारी मुलगी पुढे मोठी झाली, तिनं बेकरी काढली, आणि आता ती पिशवी घेऊन दारात गिरक्या घेत होती. तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. आत्याला सगळं आठवत होतं. शाळा सुटल्यापासून आत्यानं पूर्ण बाह्यांशिवाय अंगात काही घातलेलं नाही, आणि मीही नाही. आमच्या घरात बाह्यांचं कापड जेवढं लागतं तेवढ्यात आणखी एक माणूस सहज नटेल.

पोहायला ती शिकली ती तलाव कारखान्यासमोर आहे म्हणून. बायकांच्या वेळेत आतून जो हसण्याखिदळण्याचा आवाज यायचा, तो ऐकून तिचे हात शिवशिवायचे. शेवटी एकदा तिनं मला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख शिवायला लावला. पहिल्या दिवशी त्या बाह्यांत इतकं पाणी भरलं की तिला दोघींनी ओढून वर काढलं. पण नंतर ती अशी काही पोहायला लागली की पन्नाशी उलटलेली बाई आहे हे सांगावं लागायचं. पाण्यात ती भांडत नाही, बोलत नाही, फक्त जाते. मी काठावर उभी राहून बघायची आणि मला इतका आनंद व्हायचा की शेजारणीचा दंड मी दाबून धरायची.

आता त्या बाह्याच गेल्या होत्या. आत्याला शर्यतीत उतरायचं तर होतंच. त्या एका गोष्टीसाठी ती वर्षभर कारखान्यातून सुटल्यावर थेट पाण्यात जात होती. फक्त बेकरीवालीपुढे आणि अख्ख्या गावापुढे उघडे दंड घेऊन उतरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर ती न्हाणीघराच्या दारात उभी, चेहरा उजळलेला. "हात लाव," म्हणाली. मी तिच्या दंडाला हात लावला. गुळगुळीत. खरंच गुळगुळीत. मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराण्याचा दंड लोण्यासारखा लागत होता, आणि माझ्या मनात आधी हेच आलं की आता माझी पाळी. "कशानं केलंस?" मी विचारलं. तिनं ॲप्रनच्या खिशातून काचकागदाचा तुकडा काढून दाखवला.

तिनं दंड घासले होते. कपाट घासतात तसे. वर घासून पडलेली पूड पुसायला स्पिरिटमध्ये बुडवलेलं फडकं फिरवलं होतं, कारण धंद्यात तसंच करतात. त्या वेळी तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले होते म्हणे.

सकाळी दंड लाल, आणि हात लावावा तर आधीपेक्षा खरखरीत. दुसऱ्या कुणीही इथे कानाला खडा लावला असता. पण नवं लाकूड घासून ओल्या फडक्यानं पुसलं की त्याचे बारीक तंतू उभे राहतात, ते वाळू द्यायचे आणि पुन्हा घासायचे, मग ते कायमचे बसतात, हे उस्तादांच्या हाडामांसात भिनलेलं. आत्याचं म्हणणं असं की आंघोळीच्या पाण्यानं दंडाचे तंतू उभे राहिलेत, म्हणजे निम्मं काम झालंय. मी हातापाया पडले, रागावले, काचकागद लपवला. कारखान्यात काम करणाऱ्या बाईपासून काचकागद लपवणं म्हणजे बेकरीवालीपासून पीठ लपवण्यासारखं आहे. तिनं पुन्हा घासलं. आणि मग पुन्हा.

तलावाच्या फाटकावर एक काका बसतात. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकीचे हातपाय तपासून मगच आत सोडायचं, हे त्यांचं काम, आणि पायाच्या बोटांमधली चीरसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्या संध्याकाळी आत्याच्या बाह्यांवर गुलाबी ओले ठिपके उमटलेले त्यांना दिसले. त्यांनी बाही वर करायला सांगितली. मागे रांग होती. आत्यानं बाही वर केली आणि काका खुर्चीतून अर्धवट उठले. दंड सोललेला होता. जखमा भरेपर्यंत पाण्यात पाय नाही, त्यांनी सांगितलं, आणि शर्यतीच्या दिवशी उघड्या असल्या तर त्या दिवशीही नाही. पाचवी पोहणारी आमच्याकडे नव्हती. आत्या नाही म्हणजे संघच नाही. बेकरीवाली आत पोहत होती, तिला हे कळलं नाही, तेवढंच नशीब.

 घरी येताना आपण रडू की काय अशी मला भीती वाटली, म्हणून मी वाटभर तिला बोलत सुटले. सकाळ होताच तिला धरून त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कशानं घासलंत. "सगळ्यात बारीक काचकागदानं," आत्या म्हणाली, आणि वर, "कोरा नव्हता हो, वापरून मऊ झालेला." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. केसाच्या मुळाशी कातडीचाच चिवट पदार्थ साचतो आणि त्या बारीक छिद्राला बूच बसतं, तीच ती पुळी. हा रोग नव्हे. कुणाला लागत नाही, कशानं पसरत नाही, पुष्कळ लोकांना असतं आणि घराण्यात चालत येतं. कायमचं घालवायचं औषध नाही, पण घरच्या घरी काळजी घेतली तर खूप मऊ पडतं. काळजी सोडली की पुन्हा येतं.

"लाकूड घासलं की गप्प राहतं," त्या म्हणाल्या. "कातडी जिवंत आहे. तिला घासलंत तर ती चिडते, सुजते आणि आणखी खरखरीत होते."

आत्यानं लगेच विचारलं, "मग गुळगुळीत कशानं करायचं?"

"गुळगुळीत करायचंच नाही. मऊ ठेवायचं."

आंघोळीला कोणता साबण, हे विचारल्यावर आत्यानं कपड्याच्या साबणाचं नाव सांगितलं, कारण अंगावरचं पॉलिश दुसऱ्या कशानं निघत नाही. आणि पाणी? वाफा निघणारं. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मला वाटतं त्याच क्षणी मला कामावर नेमलं. जखमा भरेपर्यंत फक्त कोमट पाणी, घासणं बंद, वर साधी पेट्रोलियम जेली आणि सैल सुती कपडे. कातडी पूर्ण भरली की मग युरियाचं क्रीम, तेही अंग टिपून थोडं ओलं असतानाच लावायचं, म्हणजे ओल आत राहते. उघड्या कातडीला ते लावलं तर झोंबेल, म्हणून आधी नाही. लावल्यावर आग झालीच तर थांबायचं.

मग आमच्या घरात जे दिवस सुरू झाले ते आठवले की मला अजून हसू फुटतं. मी बादलीत बोट घालून पाण्याचा अंदाज घ्यायची आणि आत्या बाहेरून म्हणायची, "जेलरबाई, आता जाऊ का?" कपड्याचा साबण मी दोनदा न्हाणीघरातून हाकलला, दोनदा तो परत आला. टॉवेलनं खसाखसा पुसायची तिची सवय तर मोडता मोडेना. "टीप, घासू नको," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की दुकानात एका गिऱ्हाईकालाही म्हणाले. जेलीचा ती जाड थर द्यायची. मी म्हटलं, कपाटाला पॉलिशचा एकच जाड हात मारतेस का? तिनं माझ्याकडे चमकून बघितलं. त्या दिवसापासून थर पातळ झाला आणि मला काही सांगावं लागलं नाही.

पाण्यात जाता येत नव्हतं, पण सरावाशिवाय ती राहते थोडीच. कारखान्यात एक लांबलचक जेवणाचं टेबल पॉलिशची वाट बघत पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यावर रजई टाकून उस्ताद पालथ्या पडायच्या आणि हातपाय मारायच्या. मिस्त्री आकडे मोजायचा. बातमी बेकरीपर्यंत गेली आणि बेकरीवाली पावाची परात घेऊनच हजर. "पाय वाकवू नकोस," ती दारातूनच ओरडली. आत्याला चेव चढला, तिनं पाय असे काही मारले की रजईसकट घसरून ती लाकडाच्या भुशात पडली. सगळा कारखाना आधी दचकला, मग हसून लोळला, आणि सगळ्यांत जोरात ती स्वतः हसली. जखमांचं तोपर्यंत बेकरीवालीला कळलं होतं. पुळ्यांचं मात्र नाही. आत्यानं तिला भाजलं म्हणून सांगितलं होतं.

एके सकाळी शेवटची खपली आपोआप पडली आणि खाली कोवळी, कोरडी कातडी निघाली. आम्ही दोघी न्हाणीघराच्या दारात नाचलो. क्रीम सुरू झालं. काका पाण्यात सोडायला लागले, बाह्यांच्या जुन्या पोशाखात. शर्यत जवळ येत चालली तसा दंडांचा लालपणा उतरला आणि खरखर निम्म्यावर आली. मला झोप येईना. मी गिऱ्हाइकाच्या पँटला तिसरा पाय लावायची तेवढी बाकी होती.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं तो निळा पोशाख घातला, आरशासमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू स्वतःच्या दंडावरून फिरवली. कपाट तपासते तशीच.

"आहेत," ती म्हणाली.

मऊ झाल्यात, मी म्हटलं.

"मऊ आहेत. पण आहेत." मग आरशात बघत, "पाण्यात कुणाला दिसणार नाहीत. पण शिडीनं वर चढताना दिसतील."

महिनाभर गिळलेला सगळा राग माझ्या तोंडाशी आला. "मलाही आहेत," मी म्हटलं. "तू उद्या घरी बसलीस तर मी पुढे काय करायचं, तेवढं सांग मला. मग बस."

पोशाख उतरवून तिनं त्याची घडी घातली आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात चढवला. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी फाटकावर जत्रा भरल्यासारखी गर्दी. पाच गल्ल्यांचे संघ, त्यांची पोरंबाळं, शिट्ट्या, ओरडा. आमची तिसरी पोहणारी बेकरीवाली आत्याच्या पुढे उभी होती. पोशाखावर आत्यानं शर्ट घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावून. काका म्हणाले, "बाही."

आत्यानं बाही वर केली नाही. तिनं एकेक बटण काढलं, शर्टच उतरवला आणि माझ्या हातात दिला. काकांनी चष्मा लावून दंड पाहिले. जखमा भरल्यात, ते म्हणाले, पण हे काय आहे? मागच्या रांगेतली एक बाई हळूच एक पाऊल मागे सरकली. मला तिचे केस ओढावेसे वाटले.

"हे लहानपणापासूनचं आहे," आत्या म्हणाली, चांगलं खणखणीत, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "माझ्या वडिलांना होतं, मला आहे, माझ्या भाचीला आहे. कुणाला लागत नाही. पाण्यानं पसरत नाही. आणि काचकागदानं जात नाही, ते मी स्वतः करून बघितलंय."

काका हसले आणि त्यांनी हातानं आत जायची खूण केली. बेकरीवाली मात्र वळून बघत राहिली होती. हे मला कधी बोलली नाहीस, ती म्हणाली. "शाळेत तूच मला किसणी म्हणायचीस," आत्यानं सांगितलं. बेकरीवालीचा चेहरा लाल झाला. तिनं आत्याचा उघडा दंड घट्ट धरला. तिला तसंच धरून ती आत घेऊन गेली.

शर्यतीचं काय सांगू. शिट्टी झाली आणि माझा घसा पहिल्याच लांबीत बसला. आमची पहिली मागे पडली, दुसरीनं थोडं भरून काढलं, बेकरीवालीनं तर पाण्याशी वैर असल्यासारखे हात मारले. तिचा हात भिंतीला लागला तेव्हा आम्ही चौथ्या होतो. आत्यानं उडी घेतली. ते दोन दंड पाण्यातून वर येत होते, आत जात होते, ऊन पडून चकाकत होते, आणि मिस्त्री वेड्यासारखा आकडे मोजत होता. तिनं एकीला मागे टाकलं. मग आणखी एकीला. शेवटच्या टप्प्यात ती पहिल्या बाईच्या खांद्याला खांदा लावून होती, मी शर्ट डोक्यावर गरगरा फिरवत होते, आणि दोघींचे हात भिंतीला लागले ते जवळजवळ एकदमच. पंचांनी आम्हाला दुसरा नंबर दिला. आम्ही पहिला आल्यासारखा धिंगाणा घातला.

आत्या शिडीनं वर आली. सगळा तलाव तिच्याकडे बघत होता. अंगातून पाणी निथळत होतं, धाप लागलेली होती. मी पळत जाऊन शर्ट पुढे केला, बाह्या उलगडून.

"शर्ट नको," ती म्हणाली. "क्रीम दे. अंग ओलं आहे तोवर."

नळाखाली अंग धुऊन ती परत काठावरच्या बाकावर येऊन बसली, सगळ्यांच्या मध्ये. दंड टिपले, घासले नाहीत. डबीतून थोडंसं क्रीम घेऊन एका दंडावर पातळ पसरलं, मग दुसऱ्या. बेकरीवाली शेजारी येऊन बसली आणि आत्याचा हात पोचत नव्हता तिथे मागच्या बाजूला तिनं लावून दिलं, हळूच, पावावर लोणी लावावं तसं. मग आत्यानं माझ्याकडे बघितलं. भर उन्हात मी गळ्यापासून मनगटापर्यंत झाकलेली उभी होते. तिनं आपला ओला तळवा माझ्या बाहीवर ठेवला, कापड भिजेपर्यंत तसाच ठेवला, आणि डबी माझ्यापुढे धरली.

"चल," ती म्हणाली, "बाह्या वर कर."

मी केल्या.